धक्का बसण्याआधी : मोटरबोटीला फेंडर किती, कुठे आणि कसे बांधायचे

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरं शेवटी दिली आहेत.)



आपल्या मराठीत एक गंमत आहे. बोट जिथे लागते त्यालाही आपण धक्का म्हणतो आणि ती लागताना जो बसतो, तोही धक्काच. भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्यांना दोन्ही धक्के एकदमच भेटतात. आजचा विषय या दोन धक्क्यांच्या मधल्या जागेचा आहे. ही जागा जेमतेम वीतभर असते. त्या वीतभर जागेत जे लटकवायचं, ते फेंडर. हवा भरलेली, रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची लांबट उशी किंवा गोल चेंडू, वरच्या कडीला एक दोर. एवढंच साधन आहे.

तुमच्यापैकी थोड्या जणांकडे स्वतःची बोट असेल. पण बरेच जण गेटवेहून एलिफंटाला किंवा मांडव्याला गेलेले असतील. म्हणून मी दोघांसाठी बोलणार आहे. बोट चालवणाऱ्यासाठी, आणि बोटीच्या काठावर हात ठेवून बसणाऱ्यासाठी.

फेंडर नेमकं काय करतं?

सोबत एक हिशेब घेऊ. अवघड नाही, शाळेतलाच आहे. समजा आपली फायबरची मोटरबोट ८ मीटर लांबीची आहे आणि माणसं, इंधन, सामान धरून वजन ३ टन. ती धक्क्याकडे सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने येते आहे. हा वेग किती? आपण रमतगमत चालतो त्याच्या निम्मा. बघणाऱ्याला वाटेल, बोट जवळजवळ थांबलीच आहे. पण तिच्यातली गतिज ऊर्जा होते ३७५ ज्यूल. म्हणजे २५ किलोची तांदळाची गोणी दीड मीटर उंचीवरून खाली टाकली, तर ती जेवढ्या जोराने आदळेल तेवढी.

आता ही ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. मधे काही नसेल तर फायबरची बाजू दगडावर आदळते आणि समजा अर्ध्या सेंटिमीटरात थांबते. मग सरासरी जोर येतो ७५ हजार न्यूटन, म्हणजे साडेसात टन वजनाचा दाब, आणि तोही दगडाच्या एका कोपऱ्यावर. तीच बोट फेंडरवर टेकली आणि फेंडर ५ सेंटिमीटर दबलं, तर जोर दहापट कमी होतो. साधारण पाऊण टन, आणि तोही फेंडरच्या रुंद अंगावर पसरलेला. जेलकोटवर ओरखडाही उठत नाही.

म्हणजे फेंडर काय करतं? ते आपल्याला थांबायला अंतर देतं. बस्स. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी उत्तरं आपोआप सापडतात.

आणखी एक. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. तीच गोणी आता सहा मीटरवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडते. त्यामुळे चांगले फेंडर आहेत म्हणून जोरात यायचं, हे गणितातच बसत नाही.

हात आणि पाय हे फेंडर नव्हेत

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बोट धक्क्याला लागताना कुणीतरी काठावर बसून पाय बाहेर काढतो आणि बोट थोपवायला बघतो. आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. दहादा ते जमतं, कारण पाणी शांत असतं. अकराव्यांदा शेजारून दुसरी लाँच जाते, तिची लाट येते आणि बोट ढकलली जाते. आता पाऊण टनाचा जोर घोट्यावर. शिवाय बोट नुसती आत येत नाही, ती वरखालीही होते. पाय वरून निसटून मधे गेला, की खेळ संपला. हाड त्या जोरापुढे टिकत नाही.

म्हणून नियम असा की, जे बोटीच्या बाहेर जाईल ते फेंडरच असलं पाहिजे, अवयव नाही. बोट चालवणाऱ्याने धक्क्याजवळ येण्याआधी मोठ्याने सांगायचं, हात आत घ्या. ऐकणाऱ्याने का म्हणून विचारू नये. फेंडर कुठे बांधायचं याची एवढी चर्चा आपण करतो, ती रंग वाचवण्यासाठी नाही. फेंडर जागेवर नसेल, तर माणूस आपसूक हातपाय घालतो. फेंडर नीट बांधलेलं असलं, तर त्याला तो मोह होत नाही. यासाठी ही चर्चा.

किती आणि केवढे

ढोबळ मापं सांगतो. लांबट फेंडर असेल तर बोटीच्या दर ४ ते ५ फूट लांबीमागे १ इंच व्यास. गोल असेल तर त्याच्या दुप्पट. आपली ८ मीटरची बोट म्हणजे २६ फूट. तिला निदान ६ इंच व्यासाचं लांबट फेंडर हवं, गोल हवं तर १२ इंचाचं. संख्या बोटीच्या दर १० फुटांमागे एक, पण कमीत कमी तीन. जागा लाटांची, वर्दळीची असेल तर एक माप मोठं घ्या. मोठं फेंडर जास्त दबू शकतं, म्हणजे जास्त अंतर देतं. तोच हिशेब.

हवा किती भरायची? अंगठ्याने दाबलं की थोडं दबलं पाहिजे. सायकलच्या टायरसारखं टणक केलं तर ते दबतच नाही, बोट चेंडूसारखी उडते. आणि अगदी मऊ असलं तर ते पूर्ण चपटं होऊन बोट दगडाला टेकते. उन्हात हवा प्रसरण पावते, म्हणून सकाळी भरताना थोडी कमीच भरा.

बोटीवर कुठे

बोटीची बाजू वाकडी आहे, धक्का सरळ आहे. वाकडी रेघ सरळ रेघेला सुरुवातीला एकाच ठिकाणी टेकते. ती जागा शोधायची.

मोटरबोट धक्क्याकडे सहसा तिरकी येते. आधी टेकतो तो नाळेच्या मागचा भाग, जिथे बोटीची बाजू वळण संपवून सरळ व्हायला लागते. त्याला आपण बोटीचा खांदा म्हणू. मग चालवणारा इंजिन वळवून मागची बाजू आत ओढतो. आऊटबोर्ड इंजिनाची बोट मागून वळते, त्यामुळे पिछाडी झोकाने आत येते आणि मागचा कोपरा आपटतो. म्हणून तीन जागा ठरल्या. एक खांद्यावर, एक बोट सगळ्यात रुंद असते तिथे, आणि एक मागच्या कोपऱ्याच्या थोडं पुढे. पुष्कळ जण तिन्ही फेंडर मधोमध समान अंतरावर, शोभेला लावल्यासारखे लावतात आणि मागचा कोपरा उघडा राहतो.

चौथं फेंडर असेल तर ते बांधूच नका. दोर हातात धरून एक माणूस मोकळा ठेवा. बोट अनपेक्षित ठिकाणी टेकतेय असं दिसलं, की त्याने तिथे फेंडर सोडायचं. यासाठी गोल फेंडर उत्तम, कारण ते कसंही पडलं तरी चालतं. पाय बाहेर काढायची सवय मोडायची असेल, तर त्या माणसाच्या हातात हे फिरतं फेंडर द्या.

उंची धक्का ठरवतो

इथवर आपण बोटीकडे बघत होतो. आता धक्क्याकडे बघा. फेंडर बोटीला बांधलेलं असलं, तरी त्याची उंची आणि दिशा धक्का ठरवतो. पाच प्रकार पाहू.

पहिला, तरता धक्का, म्हणजे पॉन्टून. तो पाण्याबरोबर वरखाली होतो, बोटही होते. दोघांतलं अंतर कायम राहतं, त्यामुळे एकदा उंची जमली की जमली. पण पॉन्टून बुटका असतो. म्हणून फेंडर खाली सोडायचं. पॉन्टूनची कड फेंडरच्या मध्यावर यावी आणि फेंडरचं खालचं टोक पाण्याच्या मूठभर वर राहावं. वर बांधलं तर लाट येताच ते उसळून पॉन्टूनवर जाऊन पडतं आणि बोट मोकळी आपटते. पाण्यात बुडवलं तर चालत्या बोटीचं पाणी ते उलथवून देतं.

दुसरा, दगडी किंवा काँक्रीटची पक्की भिंत. इथे मुंबईकरांनी भरती-ओहोटी विसरून चालत नाही. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. जुन्या खलाशांचा बाराव्या हिश्शाचा हिशेब आहे. पहिल्या तासात बारातला एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. फरक चार मीटर धरला, तर मधल्या एका तासात पाणी पूर्ण एक मीटर चढतं. म्हणजे दहा वाजता बोट लावून तुम्ही चहाला गेलात आणि अकराला परत आलात, तर बोट भिंतीच्या तुलनेत एक मीटर वर गेलेली असते.

भिंत खालपासून वरपर्यंत सपाट असेल तर फार बिघडत नाही, फेंडर बोटीबरोबर भिंतीवर घासत वर जातं. धोका दोन ठिकाणी. भरतीला बोटीचा काठ भिंतीच्या वर गेला, तर फेंडर धक्क्याच्या माथ्यावर चढून निरुपयोगी होतं. आणि ओहोटीला बोट एखाद्या पुढे आलेल्या तुळईखाली किंवा पायरीखाली सरकली, तर पुढच्या भरतीत तिचा काठ तिथे अडकतो. पाणी वर ढकलतं, तुळई खाली दाबते. काठ मोडतो किंवा बोट कलंडते. अशा जागी बोट सोडून जायचंच नाही, कुणीतरी थांबलं पाहिजे. धरणाच्या जलाशयात बोट चालवणाऱ्यांना ही काळजी नाही, तिथे तासातासाला पाणी बदलत नाही.

तिसरा, पायऱ्यांचा धक्का, गेटवेला आहेत तशा. पायरी म्हणजे एकावर एक धारदार कोपरे. आखूड फेंडर दोन कोपऱ्यांच्या मधल्या खाचेत जातं आणि कोपरा थेट बोटीला लागतो. इथे लांब फेंडर उभं, निदान दोन पायऱ्यांना पुरेल असं. माणसं चढतात-उतरतात त्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक. मधोमध नको, नाहीतर त्याच्या दोरात पाय अडकतो.

चौथा, खांबांवर उभा असलेला धक्का. खाडीतल्या जेट्ट्या पुष्कळदा अशा असतात. उभं फेंडर आणि उभा खांब यांचं जमत नाही. बोट हातभर पुढेमागे झाली, की फेंडर खांबावरून निसटून बाजूला जातं आणि खांब मोकळा लागतो. इथे फेंडर आडवं करायचं, दोन्ही टोकांना दोर बांधून. त्याहून चांगला उपाय फळीचा. दोन उभी फेंडर बोटीला टेकवायची आणि त्यांच्या बाहेरून एक मजबूत फळी आडवी टांगायची. फळी खांबावर घासते, फेंडर बोटीला जपतात. बोट फळीच्या लांबीइतकी पुढेमागे झाली तरी चालतं.

मोठ्या बंदरात धक्क्यालाच मोठाले रबरी फेंडर बसवलेले असतात. ते जहाजांसाठी. दोन फेंडरमधलं अंतर जहाजाच्या मानाने ठेवलेलं असतं, आपली लहान बोट त्या फटीत शिरते. त्यांच्या भरवशावर राहू नका.

पाचवा प्रकार म्हणजे दुसरी बोट. गेटवेला हे नेहमीचंच आहे. एक लाँच धक्क्याला, तिला लागून दुसरी, आणि लोक एकीतून दुसरीत. दोन्ही बोटी हलणाऱ्या, दोघींची उंची वेगळी, लाटेवर एक वर तर दुसरी खाली. तुम्ही नंतर येत असाल तर फेंडर तुम्ही लावायचे, ही रीत आहे. गोल, मोठे, रुंद भागावर. बुटक्या बोटीने आपला वरचा काठ जपायचा, कारण उंच बोटीची बाजू तिथेच लागते.

दोर कशाला बांधायचा

सहज हाताला येतो तो वरचा कठडा. पण फेंडर धक्क्याच्या खाचेत अडकलं आणि बोट पुढे गेली, तर सगळा ओढा कठड्याच्या माथ्यावर येतो. कठड्याची नळी ही लांब तरफ आहे, ती बुडातून वाकते किंवा तिचे स्क्रू निघून तिथून पाणी गळायला लागतं. म्हणून पहिली पसंती क्लीटला, म्हणजे दोन शिंगांच्या त्या धातूच्या खुंट्याला. दुसरी पसंती कठड्याच्या खांबाच्या बुडाला. नाइलाज असेल तरच वरच्या नळीला, आणि तेही खांबाला लागून.

गाठ दोन वेळची वेगळी. येताना उंची झटपट बदलता यावी म्हणून खुंट्याला मारतात ती क्लोव्ह हिच. पण ती सतत हलण्याने सरकते. म्हणून बोट स्थिर झाली की गाठ बदला. दोन पूर्ण वेढे आणि वर दोन अर्ध्या गाठी. ही सरकत नाही आणि ओली झाली तरी सुटते.

आणि लक्षात ठेवा, फेंडर बोटीला जागेवर धरत नाही. ते काम दोरांचं. नाळेचा एक, पिछाडीचा एक, आणि पुढेमागे सरकणं थांबवणारे दोन तिरके दोर, ज्यांना स्प्रिंग म्हणतात. हे तिरके दोर नसतील तर बोट भिंतीलगत पुढेमागे फिरते आणि तुम्ही विचारपूर्वक लावलेलं फेंडर चुकीच्या जागी जाऊन बसतं.

हे सगळं केव्हा करायचं? धक्क्यापासून शे-दोनशे मीटरवर, वेग उतरवून. आधी धक्का बघा. बुटका की उंच, सपाट की खांबांचा, वारा कुठून, पाणी चढतंय की उतरतंय. मग कुठल्या बाजूने लागायचं ते सगळ्यांना सांगा, आणि मग फेंडर सोडा. धक्का दोन हातांवर आला असताना गाठी मारत बसलेला माणूस वाकलेला असतो आणि त्याची बोटं काठाबाहेर असतात.

श्रोत्यांचे प्रश्न

एक श्रोता : लाँचवाले जुने टायर लावतात. ते चुकीचं आहे का?

चुकीचं नाही. टायर स्वस्त, दणकट, हवा जायची भीती नाही. जाड लाकडी किंवा लोखंडी लाँचला तो छान चालतो. पूर्वी जहाजांवर काथ्याच्या दोराची विणलेली फेंडर असत. अंटार्क्टिकात व्हेल मारणारी जहाजं तर दोन जहाजांच्या मधे मेलेला व्हेलच फेंडर म्हणून ठेवत. हाताशी असेल ते वापरायची रीत जुनी आहे. फायबरच्या हलक्या बोटीला मात्र टायर जरा कडक पडतो, जेलकोटवर काळे डाग पाडतो आणि झिजला की आतली तार बाहेर येऊन ओरखडे काढते. लावायचाच तर त्यावर जाड कापडाचं आवरण घाला आणि खालच्या बाजूला भोकं पाडा, म्हणजे पाणी साचून तो जड होणार नाही.

दुसरे श्रोते : फेंडर कायम लटकतेच ठेवले तर? दरवेळी काढघाल कशाला?

वेगात ते उसळून बोटीवर आपटतात, दोर कठड्यावर घासून तुटतो आणि एक दिवस फेंडर समुद्रात जातं. मागून येणाऱ्या बोटीच्या पंख्यात तो दोर गुंतू शकतो. म्हणून धक्का सुटला की वर घ्या. वर घेताना पुसूनही घ्या. ओल्या फेंडरला वाळूचे कण चिकटले तर तेच सँडपेपर होतं.

एक श्रोत्या : मी बोट एकटीनेच लावते. मला काय सोपं पडेल?

धक्क्यापासून दूर असतानाच दोन्ही बाजूंना फेंडर सोडून ठेवा, कारण ऐनवेळी वाऱ्याने बाजू बदलावी लागली तर तुम्हाला सुकाणू सोडून पळता येणार नाही. बोटीच्या मध्याच्या क्लीटला एक दोर आधीच बांधून हाताशी ठेवा. टेकल्यावर पहिला तो बांधा, बोट फार इकडेतिकडे जाणार नाही. आणि पहिल्या खेपेला जमलं नाही तर उडी मारू नका, हात घालू नका. बोट मागे घ्या, एक फेरी मारा आणि पुन्हा या.